नूरमियाँचे सहा दांडे

साताऱ्याच्या स्टँडवर औरंगाबादची गाडी लागली तेव्हा बायको खिडकीखाली डबा घेऊन उभी होती. "पाचव्यांदा चाललाय," ती म्हणाली. "या खेपेला ट्रकमध्ये बसून या, नाहीतर तिकडंच एखादी खोली बघा." शेजारच्या सीटवरचे गृहस्थ गालात हसले. मी डबा घेतला आणि काच ओढली. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला नकाशातलं एकच गाव सारखं सारखं गाठावं लागावं, याचं मलाही हसू येतच होतं.

त्या गावात आमच्या वडिलांचा ट्रक अडकून पडला होता. महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांपैकी तो एक. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बुटकं नाक, लाकडी हौदा. पोलीस ॲक्शन झाली, निजामाची हद्द खुली झाली, आणि वडील याच ट्रकमधून कऱ्हाडचा गूळ औरंगाबादेला आणू लागले. कॉलेजच्या सुटीत त्यांच्याशेजारी बसून मीही दोनदा आलो होतो. पुढे त्यांनी तो देवगाव रंगारीच्या एका पाटलांना विकला. मी निवृत्त झाल्यावर सहज चौकशी करत तिथे गेलो, तर ट्रक पाटलांच्या मळ्यात लिंबाखाली उभा. हौद्यात कडबा होता आणि बॉनेटखाली एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. माझा जीव कळवळला. तिथल्या तिथे मी तो मागून घेतला आणि ट्रॅक्टरने ओढत छावणीत नूरमियाँच्या गॅरेजला आणला.

नूरमियाँकडेच का, ते सांगायला हवं. या जातीच्या इंजिनाला तयार बेअरिंग मिळत नाहीत. पिस्टन आणि क्रँक (इंजिनाचा फिरणारा आस) यांना जोडणारे सहा दांडे असतात. त्यांच्या गोल तोंडात व्हाइट मेटल (कथलाचा मऊ धातू) वितळवून ओतायचा, आणि क्रँकवरची त्या त्या दांड्याची जागा जशी झिजली असेल, तसा तो हाताने खरवडून बसवायचा. कागदाच्या जाडीएवढा फरक राहिला तरी धातू तापतो, वितळतो आणि इंजिन खडखडायला लागतं. हे काम येणारा माणूस त्या शहरात एकच उरला होता. नूरमियाँ तरुणपणी निजामाच्या वेळच्या सरकारी मोटारींच्या कारखान्यात होते.

पहिल्यांदा त्यांनी ट्रकखाली झोपून सगळं स्वतः केलं. इंजिन अर्धा तास सुरेख चाललं, पण धूर फार येत होता. पिस्टनच्या नव्या रिंगा घालायला नूरमियाँनी दांडे काढून ठेवले, आणि नेमकं तेव्हाच नूरमियाँच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडीखाली जायला मनाई केली. तेव्हापासून धातू ओतणं आणि खरवडणं नूरमियाँनी बाजेवर बसून, आपल्या मापांच्या वहीवरून करायचं आणि खाली झोपून दांडे बसवायचे ते त्यांच्या मुलाने, इसाकने, अशी वाटणी झाली. चार वेळा दांडे बसवले आणि चारही वेळा बेअरिंगं वितळली. एकदा ट्रक छावणीच्या वेशीपर्यंत गेला, एकदा नगर नाक्यापर्यंत, एकदा दौलताबादपर्यंत. चौथ्यांदा देवगावच्या निम्म्या वाटेवर खटखट सुरू झाली, तेव्हा मी स्वतः गाडीत होतो आणि उसाच्या ट्रॉलीमागे बांधून घेऊन परत आलो होतो.

दिवेलागणीला औरंगाबादेत उतरलो. इसाक स्कूटर घेऊन स्टँडवर आला होता. पस्तिशीचा, आयटीआय शिकलेला, कमी बोलणारा गडी. माझी पिशवी पुढे ठेवत तो म्हणाला, "सर, ह्या वेळी जरा कठीनच हाय. अब्बांनी सगळ्या बाजारात सांगून टाकलंय. बेअरिंग टिकलं नाय तर हत्यार खाली ठेवनार म्हनतेत. कायमचं."

"रागाने म्हणाले असतील."

"नाय सर. रागात असले की ते मला बोलतेत. सिमेंटचे हात हायेत तुझे, म्हनतेत. चहाच्या हॉटेलात बी तेच सांगतेत. त्ये चालतं मला. पन परवा नुसते गप बसून पाना पुसत होते."

ट्रकचा हट्ट माझा होता, आणि त्यापायी सत्तरीच्या एका कारागिराचं नाव पणाला लागलं होतं. त्या रात्री लॉजवर नान-खलिया (हळदीच्या पिवळ्या रश्श्यातलं मटण आणि त्यात बुडवायची मोठी नान) मागवली. एरवी मी ताट पुसून खातो. त्या दिवशी निम्मी नान तशीच राहिली.

सकाळी गॅरेजवर गेलो. छावणीचा हा बाजार मला आवडतो. चिंचांच्या सावल्या, कौलारू दुकानांची रांग, एका टोकाला बेकरीचा वास. गॅरेजला लागून बाबूरावांचं चहाचं हॉटेल आहे. तिथे सकाळपासून बसणाऱ्या मंडळींना माझ्या ट्रकची तब्येत माझ्याआधी कळत असते. "आले का सर," बाबूराव म्हणाले. "बसा. औंदा गाडी घिऊनच जानार तुमी." त्यांच्या बोलण्यात थट्टा किती आणि माया किती, हे मला चार खेपांत उमगलेलं नाही.

नूरमियाँ बाजेवर बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, मेंदी लावलेली दाढी आणि उजव्या हाताचा तो अंगठा. त्या अंगठ्याची कातडी बाकी हातासारखी राठ नाही, उलट गुळगुळीत आहे. पन्नास वर्षं त्याने धातूचा खालीवरपणा चाचपलाय.

"मास्तर," ते म्हणाले, "आज मैं खुद नीचे जाता."

"अब्बा, डॉक्टरनं नाय सांगितलंय," इसाक म्हणाला.

"डॉक्टर को क्रँक दिखता क्या? गोणपाट टाक."

इसाकने ट्रकखाली गोणपाट अंथरलं. नूरमियाँनी टोपी काढून बाजेवर ठेवली, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि उताणे सरकत आत गेले. चेंबर (इंजिनाखालची तेलाची कढई) इसाकने आधीच उतरवून ठेवलं होतं. मी वाकून बघत होतो. डोळे मिटलेला म्हातारा आणि वर सहा दांडे.

"एक नंबर सोड."

इसाकही शेजारी सरकला आणि त्याने पुढचा, पंख्याकडचा दांडा सोडला. या दांड्यांवर नूरमियाँनी पहिल्याच वेळी पोगराने (टोकदार छिन्नीने) टिंबं मारून ठेवली होती. एकाला एक टिंब, दोनाला दोन, अशी सहापर्यंत. इसाकने नूरमियाँचा हात धरून क्रँकवरच्या त्या जागी ठेवला आणि त्यांनी ती अंगठ्याने चाचपली. मग नख फिरवलं. परत फिरवलं.

"इथला ओरखडा कुठं गेला?"

"कसला ओरखडा?"

"एक नंबरच्या जागेला ओरखडा हाय. केसावानी. पहिल्या वक्ती मीच घासून मऊ केला होता."

इसाकने मागच्या टोकाकडे हात नेला. "तसला ओरखडा सहाला हाय, अब्बा. पार मागं."

गोणपाट सरकलं. नूरमियाँ बाहेर आले, माझ्या हातातून चष्मा घेतला आणि ट्रकच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. तिकडचं बॉनेट उघडं होतं. इसाकही शेजारी गेला.

"एक नंबर कुठला?" नूरमियाँनी विचारलं.

दोघांनी एकदमच बोट दाखवलं. मुलाचं बोट डावीकडे, पंख्याकडे गेलं होतं. बापाचं उजवीकडे, ड्रायव्हरच्या पायाकडे. ती दोन बोटं मी कधी विसरणार नाही. दोघं एकाच जागी, खांद्याला खांदा लावून उभे होते आणि एकच इंजिन दोन टोकांकडून मोजत होते.

मी विचारलं, "चाचा, तुम्ही शाळेत कोणती लिपी शिकलात?"

"उर्दू. त्या वक्ताला दुसरं काय होतं?"

"आणि इसाक?"

"मी इथल्याच मराठी शाळेत," इसाक म्हणाला. आणि तेवढ्यात त्यालाही कळलं.

नूरमियाँ उजवीकडून डावीकडे वाचायला शिकले, तसेच ते मोजायलाही. ट्रकच्या डाव्या बाजूला उभं राहून काम करायची त्यांची सवय, त्यामुळे त्यांचा पहिला तो उजव्या टोकाचा. पोलीस ॲक्शननंतर जन्मलेल्या त्यांच्या मुलाचा पहिला डाव्या टोकाचा. आयटीआयच्या पुस्तकातही पंख्याकडूनच मोजतात. बापाने प्रत्येक दांडा ज्या जागेसाठी केसाच्या जाडीपर्यंत खरवडला होता, तो बरोबर तिच्या विरुद्ध टोकाच्या जागी बसत होता. टिंबं होती, पण कुठून मोजायचं ते टिंबं सांगत नाहीत. एका घरात पस्तीस वर्षं एका ताटात जेवणाऱ्या दोघांना हे एकमेकांना विचारावंसं कधी वाटलं नव्हतं.

"बसवताना कडक नाय लागला तुला?" नूरमियाँनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"लागत होता. चारी वेळा."

"मग बोलला का नाय?"

"तुमी घासलेल्यावर मी हत्यार कसं लावू?"

त्यांच्या धंद्यात तो रिवाज आहे. उस्तादाने खरवडलेल्या बेअरिंगला शागिर्दाने स्क्रेपर लावायचा नाही, शंकाही काढायची नाही. ती बेअदबी. चार वेळा इसाकच्या हाताला काहीतरी चुकतंय हे कळलं होतं, आणि चारही वेळा अदब राखून त्याने नट आवळला होता. मग बाजारासमोर बापाच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

नूरमियाँ बाजेवर जाऊन बसले. दुपारी घरून डबा आला, त्यांनी उघडला नाही. मला वाटलं, आता हे खरंच हत्यार ठेवणार. आमच्या तिघांखेरीज कोणालाच काही माहीत नव्हतं. नव्याने ओतून सरळ नंबर लावून बसवलं असतं तर इंजिन चाललं असतं आणि बाजाराने वाहवा केली असती. पण ते तेवढ्यावर सुटणारे नव्हते, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

चारच्या सुमारास त्यांनी हाक मारली. "इसाक, भट्टी पेटव."

सहाच्या सहा दांडे नव्याने ओतायचे ठरले. लोखंडी पळीत धातू पाऱ्यासारखा डुलत होता. तो किती तापलाय हे बघायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. त्यांनी पाइनच्या खोक्याची एक काडी पळीत बुडवली. काडी नुसती पिवळी पडली. थोडं थांबून परत बुडवली, तेव्हा ती चॉकलेटी झाली. "हां," ते म्हणाले आणि एका दमात, मध्ये न थांबता पळी रिकामी केली. हात थरथरत होता, पण धार थरथरली नाही. कसं ते मला सांगता येत नाही. मी सहाही वेळा तेच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी धातू पूर्ण गार होईपर्यंत मला तिथे काहीच काम नव्हतं. "जाव मास्तर, पैठण बघून या," नूरमियाँनी मला जवळजवळ हाकलूनच दिलं. एसटीने गेलो. धरणाच्या भिंतीवरून पाणी आभाळापर्यंत पसरलेलं दिसतं आणि थंडीत त्याच्यावर बदकांचे थवे बसलेले असतात. गावात एका मागावर एक बाई पैठणीचा पदर विणत होत्या. मोर अर्धा झाला होता. कितवा दिवस, असं विचारलं तर म्हणाल्या, "दिस मोजत नाय बसत दादा. मोर मोजायचा." मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. हातांनी विचार करणारी माणसं या मुलखात किती आहेत, असं वाटून गेलं. परतीच्या एसटीत मला चुकून एका बोकडाशेजारची जागा मिळाली, आणि शहर येईपर्यंत त्याने माझ्या रुमालाचा कोपरा खाल्ला.

तिसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो तर बाजेवर बापलेक समोरासमोर बसलेले. तीन दांडे नूरमियाँकडे, तीन इसाककडे. दोघांच्या हातात स्क्रेपर होते.

"अब्बांनी दिला," इसाक माझ्याकडे न बघता म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मी खाली जानार नाय," नूरमियाँ म्हणाले. "डोळे गेले तर बायको जीव घेईल. म्हून तो खाली जाईल, काजळी लावून दांडा बसवून बघंल, जिथं काजळी लागली तिथं तोच घासंल. मला फक्त अंगठा लावायला दे म्हनलो."

असं दीड दिवस चाललं. क्रँकला तेलातली काजळी चोपडायची, दांडा बसवून एक फेरा द्यायचा, काढून बघायचा. धातूवर जिथे काळा डाग उमटेल तेवढाच भाग खरवडायचा. परत काजळी, परत फेरा. इसाकच्या खरवडीतून धातूचे इतके बारीक कण पडत की फुंकरीने उडावेत. प्रत्येक दांडा शेवटी नूरमियाँच्या हातात जाई. ते डोळे मिटून अंगठा फिरवत आणि बहुतेक वेळा काही न बोलता परत देत. एकदाच म्हणाले, "तुझा हात हलका हाय." इसाकने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी हँडल मारलं. इंजिन दुसऱ्याच झटक्याला पकडलं. आम्ही तिघं पुढे बसलो, इसाकच्या हातात चाक, आणि देवगाव रंगारीचा रस्ता धरला. बाजूला ज्वारीची कणसं भरली होती, कपाशीची वेचणी चालली होती. मला यातलं काहीच धड दिसत नव्हतं. माझे कान इंजिनात होते. मागच्या वेळी जिथे खटखट सुरू झाली ते वडाचं झाड आलं. झाड मागे पडलं. नूरमियाँनी पाय पत्र्यावर अनवाणी टेकवले होते. पायातून ते इंजिन ऐकत होते.

देवगावला पाटील बांधावर उभे होते. आता ते पंच्याहत्तरीचे आहेत. ट्रकभोवती एक चक्कर मारून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "ह्यो परत हितं येईल असं काय वाटलं नव्हतं," ते म्हणाले, "चला, हुरडा खाऊ." आगटीत भाजलेली कणसं तळहातावर चोळून त्यांनी गरम हुरडा आमच्या ओंजळीत दिला. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. नूरमियाँ दोन घास खाऊन उठले आणि ट्रकजवळ जाऊन बसले. "गाडी ठंडी व्हायच्या आत परत जाऊ, मास्तर. मला खोलून बघायचंय."

"चालतंय की चांगली," मी म्हणालो.

"हौ (हो). पन बघायचंय. समद्यांसमोर."

परत आलो तेव्हा दुपार कलली होती. छावणीत शिरताच हॉटेलातली मंडळी बाहेर आली. बाबूराव, टायरवाला, बेकरीतले दोघं, पलीकडचा शिंपी. नूरमियाँनी सगळ्यांना थांबायला सांगितलं. इसाकने तेल उतरवलं, चेंबर काढलं, एकेक दांडा सोडून हातात दिला. नूरमियाँनी सहाही दांडे गोणपाटावर मांडले. मी बघत होतो. त्यांनी उजवीकडूनच मांडायला सुरुवात केली.

धातूवर एकही काळी चीर नव्हती. सहाही तोंडं सारखी, फिकट रुपेरी, चमकत होती.

"वा उस्ताद," बाबूराव म्हणाले. "जमलं म्हनायचं येकदाचं."

नूरमियाँ उभे राहिले. टोपी सारखी केली. "थांबा बाबूराव. तुमच्या हॉटेलात बसून मी चार खेपा या पोराला बोललो. सिमेंटचे हात म्हनलो. तुमी समद्यांनी ऐकलं. तर हे बी ऐका. ह्याचे हात बरोबर होते. मोजनी माझी उलटी होती."

शिंप्याने बीडी विझवली. मान वर करून उभ्या त्या म्हाताऱ्याकडे मला बघवेना. पन्नास वर्षांचं उस्तादपण त्यांनी त्या गोणपाटावर सहा दांड्यांशेजारी ठेवलं होतं.

इसाक तेलकट हात पुसत पुढे आला. "उलटी नाय, अब्बा," तो म्हणाला. "उजवीकडनं होती."

नूरमियाँनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. ते पुसणं काही लवकर संपेना.

शेवटी तेच म्हणाले, माझे नंबर कानशीने काढून टाक आणि पंख्याकडून नवे मार, पुढं कोणी फसायला नको. इसाकने पोगर आणि हातोडी घेतली. दांड्यांना त्याने हातही लावला नाही. इंजिनाच्या ब्लॉकच्या डाव्या अंगाला, ड्रायव्हरकडच्या उजव्या टोकाला, त्याने हलक्या हाताने एक टिंब मारलं आणि तिथून डावीकडे जाणारा छोटासा बाण कोरला. "नंबर ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "वाट तेवढी दाखवली."

दुसऱ्या दिवशी मी निघालो. इसाक नगरपर्यंत सोबत आला आणि तिथून एसटीने परत गेला. वाटेत एक चाक तेवढं पंक्चर झालं, तिसऱ्या दिवशी साताऱ्यात शिरलो. बायको फाटकात आली, ट्रककडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता तिने हौद्याच्या लाकडावरून हात फिरवला.

मला वाटायचं, मी वडिलांचा ट्रक परत आणायला जात होतो. भूगोलाच्या तासाला मी मुलांना सांगायचो, की दिशा एकदा ठरली की ती सगळ्यांना सारखी. आता तसं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. परवा आमच्या इथला मेकॅनिक प्लग बघायला आला. बॉनेट उघडून डावीकडे हात घालत म्हणाला, "हा पहिला ना?" मी त्याचा हात धरून उजव्या टोकाला नेला आणि बाणावर ठेवला. म्हटलं, या गाडीत इथून मोजायचं, हिच्या उस्तादांची मोजणी अशी आहे.